विहिरीवरची भाषा

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पत्र्याच्या पेटीत मोटरचा स्टार्टर आहे आणि त्याच पेटीत खालच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या जेवणाच्या डब्यात, मी केलेलं एक लहानसं यंत्र आहे. मळा सांगली जिल्ह्यात, तासगावच्या पुढं. मी बंगळुरात. यंत्राचं काम सोपं आहे. वीज आली की अर्धा मिनिट थांबायचं, मोटर सुरू करायची, ठरलेले तास चालू ठेवायची आणि बंद करायची. एवढ्या कामासाठी मी गेल्या काही वर्षांत तीन प्रोग्रॅमिंग भाषा बदलल्या. शेवटची भाषा का टिकली, हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं. म्हणून हे लिहीत आहे.

शेतीची वीज ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शेतपंपांना तीन फेजची वीज दिवसभर नसते. पाळीनं येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस मध्यरात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माणसं बॅटरी आणि काठी घेऊन अंधारात विहिरीवर जातात, मोटर चालू करतात, द्राक्षांना पाणी सोडतात आणि मोटर बंद करायला परत जातात. बाजारात ऑटो स्विच मिळतो. तो वीज आल्याबरोबर मोटर चालू करतो, पण बंद करत नाही. आमच्या विहिरीला डिसेंबरनंतर तीन तासांचंच पाणी असतं. त्यापुढं मोटर कोरडी फिरते आणि जळते. मोबाइलवरून चालणारे स्टार्टरही मिळतात, पण विहीर खोलगट जागी असल्यानं तिथं रेंज एका दगडावर उभं राहिलं तरच मिळते. माझे वडील, अण्णा, त्या वर्षी त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि आदल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी रात्रीचं जागरण बंद सांगितलं होतं. ते त्यांनी ऐकलं नव्हतं.

मी ऑफिसात जावा लिहिते. घरी, पोरगा झोपल्यावर, मायक्रोकंट्रोलरशी खेळते. नखाएवढ्या चिपमध्ये एक अख्खा संगणक असतो आणि त्याला एकच काम आयुष्यभर करायला सांगता येतं, याचं मला कॉलेजापासून आकर्षण. आम्हाला ८०५१ शिकवली होती. चार किलोबाइट प्रोग्रॅमला आणि १२८ बाइट बाकी सगळ्याला. तीही असेंब्ली भाषेत. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. वर्गात जे इंग्रजी बोललं जाई ते मला अर्धं कळे, पण असेंब्ली पूर्ण कळे, कारण ती इतर मुलांनाही तितकीच परकी होती. त्या वर्गात आम्ही सगळे एका रांगेत होतो, असं वाटणारा तो एकच तास.

हौशी लोकांमध्ये भाषेचा प्रश्न नेहमी गाजतो. नवीन माणूस येऊन विचारतो, कुठल्या भाषेत लिहू? मग जुनी माणसं वेगाची, जागेची, शिस्तीची गणितं मांडतात. असेंब्लीवाल्यांना चिपच्या प्रत्येक ठोक्याचा हिशोब हवा असतो. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबमध्ये घडवली आणि आजही या लहान चिपांवर तिचंच राज्य आहे. आर्डुइनो हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावातल्या डिझाइनच्या शाळेत जन्मला. त्याचं नाव त्या गावातल्या एका बारवरून पडलं आणि बारचं नाव एका जुन्या राजावरून. त्या बोर्डानं चित्रकारांच्या, शाळकरी मुलांच्या हातात सी-प्लस-प्लस दिली, तिचं नाव फारसं न घेता. आता कुणी मायक्रोपायथन सांगतं, कुणी रस्ट. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी खरं असतं.

मी फार विचार केला नाही. आर्डुइनो उनो बोर्ड घरात पडून होता. ३२ किलोबाइट प्रोग्रॅमला, दोन किलोबाइट रॅम. भाषा अर्थात त्याचीच. सवयीची वाट.

दिवाळीत गावी गेले तेव्हा यंत्र बसवलं. अण्णा वीज मंडळात वायरमन होते. तारा त्यांच्या आणि प्रोग्रॅम माझा, अशी वाटणी आपोआप झाली. स्टार्टरच्या हिरव्या बटणाला त्यांनी माझा एक रिले समांतर जोडला आणि तांबड्या बटणाच्या ओळीत दुसरा. मी म्हटलं, तांबड्याचं कामही यंत्रच करील, बटण राहू द्यायची गरज काय? त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तांबडं बटन दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं," ते म्हणाले. "तुझ्या डब्याला काय बी होऊ दे, ह्ये दाबलं की मोटर पडली पायजे."

शिवाय त्यांनी एक बायपासचा स्विच बसवला. तो फिरवला की माझा डबा असून नसल्यासारखा. मला थोडं लागलं. पुढं मी सुरक्षेवरचं जे काही वाचलं त्यात हेच दोन नियम मोठ्या शब्दांत सांगितलेले होते. २०२१ च्या भाऊबिजेला सकाळी नऊच्या सुमारास फवारणी पंपाची जुनी बॅटरी आणि एक लहान सोलर पॅनेल जोडून डबा सुरू झाला. त्या आठवड्यात अण्णा रात्रभर झोपले, असं आईनं फोनवर सांगितलं. इतकं समाधान मला ऑफिसातल्या कुठल्याही कामानं दिलेलं नाही.

सव्वीस डिसेंबरला रात्री पावणेएकला फोन वाजला. त्या वेळी घरून फोन आला की छातीत जे होतं ते झालं. पण आवाज अण्णांचाच होता, आणि मागं मोटरचा. म्हणजे ते विहिरीवर होते, त्या दगडावर उभे.

बारा वाजून दहा मिनिटांनी वीज आली होती. अण्णांना झोपेतही मोटरचा आवाज लागतो. आवाज आला आणि लगेच थांबला. ते बॅटरी घेऊन गेले. हिरवं बटण दाबलं की स्टार्टर खट्ट करून उचलायचा आणि सोडल्यावर पडायचा. माझा डबा त्याला धरू देत नव्हता. त्यांनी बायपास टाकला, मोटर चालली. आता तीन तासांनी ती बंद करायला तिथं कुणीतरी हवं होतं.

मी आमच्या धंद्यातलं हुकमी औषध सांगितलं. "बॅटरीची तार काढा, दहा मोजा आणि परत लावा. मग बायपास काढा." त्यांनी तसं केलं. मोटर नीट सुरू झाली, चालू राहिली. मी सुटकेचा श्वास टाकला. "झालं. आता घरी जा. थंडी आहे."

"झालं खरं. पर का झालंतं?"

"सकाळी बघते."

"पोरी, जे आपसूक बरं होतंय ते पुन्यांदा हुतंय. मी हितं बसलोय. तू काय लिव्हलंयस ते वाच."

बाहेर माझी बंगळुराची खिडकी, आणि फोनवर रातकिडे. मी लॅपटॉप उघडला. आधी मी जसं लिहिलं होतं तसं वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला त्यांनी अडवलं. "मराटीत वाच."

मग मी ओळीओळीनं मराठी करत गेले. कोड दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवणं ही गोष्ट मी नोकरीत कित्येकदा केली आहे, पण तिथं समोरच्याला सगळं आधीच ठाऊक असतं, त्यामुळं दोघंही डोकं हलवत पुढं जातात. इथं एकाही शब्दावरून घसरून जाता येत नव्हतं. वीज आली का बघ. आली असेल तर तीस सेकंद थांब. हिरवा रिले एक सेकंद दाब. आत्ताच्या आकड्यात तीन तास मिळव, ती बंद करायची वेळ. मग पुन्हा पुन्हा बघ: आत्ताचा आकडा बंद करायच्या वेळेपेक्षा मोठा झाला का? झाला तर तांबडा रिले उघड.

"आत्ताचा आकडा म्हंजे? घड्याळ हाय त्यात?"

"घड्याळ नाही. बॅटरी लावल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते मोजतं. सेकंदाचा हजारावा भाग."

"मोजतच ऱ्हातंय?"

"हो."

"मीटरला आकडं किती हायती?"

प्रश्न मला कळला नाही. मी विचारलं, कुठला मीटर?

"आगं, आपला लाइटचा मीटर. जुन्या मीटरला पाच आकडं असायचं. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झालं की पुन्यांदा पाच शून्यं. मीटर फिरला म्हनायचं. नवा कारकून आला की हमखास चुकायचा. मागलं रीडिंग नव्याण्णव हजार नऊशे चाळीस, आत्ताचं पस्तीस. त्यो म्हनायचा, मीटर उलटा पळालाय, फॉल्टी लिवा. तुझ्या डब्याला आकडं किती हायती?"

मी गप्प झाले. त्या मोजणीला बत्तीस बिट आहेत. शेवटचा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्यानंतर शून्य. इतके मिलिसेकंद व्हायला एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास लागतात. मी बोटांवर दिवस मोजले. भाऊबिजेच्या सकाळी नऊपासून एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास म्हणजे ही रात्र, दोनच्या सुमारास. बारा वाजून दहा मिनिटांनी मोटर सुरू झाली तेव्हा मीटर टोकाला आला होता. आत्ताच्या आकड्यात तीन तास मिळवले तर बेरीज टोकापलीकडं जाऊन लहानशी झाली. मग यंत्रानं पाहिलं, आत्ताचा प्रचंड आकडा त्या लहान आकड्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे तीन तास झाले. बंद.

आणि मी बॅटरीची तार काढायला लावली तेव्हा मोजणी शून्यावर गेली. दुखणं बरं झालं नव्हतं, एकोणपन्नास दिवसांसाठी लपलं होतं. फेब्रुवारीच्या मध्यात पुन्हा आलं असतं, ऐन मण्यांत साखर भरायच्या दिवसांत.

"मग तो कारकून काय करायचा?" मी विचारलं.

"मोटा आकडा कुटला हे बघायचंच न्हाई. नव्या रीडिंगच्या आदी एक लिवायचा आन वजा करायचं. एक लाख पस्तीसातनं नव्याण्णव हजार नऊशे चाळीस गेलं. पंच्याण्णव युनिट. बिल बरूबर."

हेच उत्तर आहे. किती वेळ झाला हे कळायला दोन वेळांची तुलना करायची नाही, वजाबाकी करायची. चिन्ह नसलेल्या संख्यांच्या वजाबाकीत तो पुढचा एक यंत्र स्वतःच धरतं. या क्षेत्रातल्या प्रत्येक जुन्या माणसाला हे ठाऊक असतं. मीही कधीतरी वाचलं होतं, आणि वाचून डोकं हलवून पुढं गेले होते. अण्णांनी सी भाषेचं एक अक्षर पाहिलेलं नाही. पण त्यांनी तीस वर्षं मीटर पाहिले होते, आणि माझ्या प्रोग्रॅममधली चूक मीटरची होती. ती त्यांच्यापर्यंत पोचायला मधे फक्त एक भाषांतर कमी पडत होतं.

पहाटेपर्यंत ते तिथं बसले. मोटर आपोआप बंद झाल्याचं बघून घरी गेले.

चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरेशी होती. सी भाषेचा त्यात काही दोष नव्हता, आणि ज्यांना माझ्यासारखी घाईची सवय नाही त्यांनी तिच्यात दशकानुदशकं न पडणारी यंत्रं लिहिली आहेत. तरी मला दोन गोष्टी सुचू लागल्या. पहिली म्हणजे, विहिरीवरच्या डब्यात माझा प्रोग्रॅम नव्हताच. सी मध्ये लिहिलेला मजकूर आधी संगणकावर भाषांतरित होतो आणि चिपमध्ये जातात ते नुसते चिपच्या बोलीतले आकडे. त्या आकड्यांवरून मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळत नाही. मूळ माझ्या लॅपटॉपवर, बंगळुरात. उद्या मी नसले तर विहिरीवर उरेल ते असं भाषांतर, ज्याचं मूळ पुस्तक हरवलं आहे. दुसरी गोष्ट, अण्णांना दर मोसमाला तास बदलायचे असत आणि दर वेळी मी सुट्टीवर यायची वाट बघावी लागे.

मी आधी नावं तरी मराठी करून बघू म्हटलं. प्रोग्रॅममध्ये आपण जी नावं देतो, 'बंदची वेळ', 'किती तास', ती देवनागरीत लिहिली. माझ्याकडच्या आर्डुइनोच्या कंपायलरनं लगेच तक्रारींची रांग लावली: प्रोग्रॅममध्ये 'स्ट्रे' ३४०. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर संगणकात तीन बाइटांचं असतं आणि त्यातला पहिला बाइट अष्टमान पद्धतीत ३४०. म्हणजे माझ्या प्रत्येक अक्षराच्या दारात तो अडखळत होता. स्ट्रे हा शब्द आमच्याकडं मोकाट जनावराला लावतात. कंपायलरचं चूक नव्हतं, त्याला ती अक्षरं शिकवलेली नव्हती. नंतरच्या आवृत्त्यांना शिकवली गेली. पण त्या रात्री 'बंदची वेळ' ही नगरपालिकेच्या गाडीत घालायची गोष्ट आहे असं वाचून मला हसू आलं आणि थोडा रागही.

मग मी फोर्थच्या प्रेमात पडले. चार्ल्स मूर नावाच्या माणसानं ती घडवली आणि १९७० च्या दशकात ॲरिझोनातल्या किट पीकची दुर्बीण तिच्यावर चालायची. इतकी लहान की अख्खी भाषा चिपमध्येच मावते आणि तिथल्या तिथं तिच्याशी बोलता येतं. फोर्थमध्ये दोन मोकळ्या जागांच्या मधे जे येईल तो शब्द, मग तो कुठल्याही लिपीत असो. आणि तिची वाक्यरचना! आधी वस्तू, मग क्रिया. इंग्रजीला 'चालव तीन तास मोटर' म्हणावं लागतं. फोर्थला 'तीन तास मोटर चालव'. क्रियापद शेवटी. मराठीसारखं, कन्नडसारखं, आपल्या देशातल्या बहुतेक भाषांसारखं. मी पंधरा दिवस वेड्यासारखी मराठी शब्द घडवत होते.

अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ऐकायला त्यांना आवडलं. वजाबाकीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "कशातनं काय वजा?" फोर्थमध्ये ते लिहिलेलं नसतं. आकडे ताटल्यांच्या चळतीसारखे एकावर एक ठेवलेले असतात आणि 'वजा' म्हटलं की वरच्या दोन ताटल्या उचलल्या जातात. कुठली कुठली ते वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवायचं. ज्या वजाबाकीनं आम्हाला थंडीत बसवलं होतं, नेमकी तीच डोळ्यांआड जात होती. महिन्यानं मी स्वतः लिहिलेलं उघडलं तेव्हा मलाही ताटल्या मोजाव्या लागल्या. वाक्य मराठीसारखं होतं, पण त्यातली नामं गिळलेली होती. फोर्थ सोडताना वाईट वाटलं. आजही वाटतं.

शेवटी मायक्रोपायथन. डेमियन जॉर्ज या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञानं २०१३ साली लोकवर्गणी जमवून पायथनची ही लहान आवृत्ती मायक्रोकंट्रोलरसाठी बनवली. तिला निदान २५६ किलोबाइट जागा आणि १६ किलोबाइट रॅम लागते, म्हणजे उनोवर ती मावणारच नाही. मी रास्पबेरी पाय पिको घेतला. त्याची रॅम २६४ किलोबाइट. सी पेक्षा ही भाषा कितीतरी मंद, पण पाच अश्वशक्तीच्या मोटरला मिलिसेकंदाची घाई नसते. देवनागरी नावं तिनं मुकाट्यानं घेतली. 'जर', 'जोवर' यांच्या जागी इंग्रजी शब्दच राहिले, ते तिचे स्वतःचे आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मजकूर चिपवरच राहतो. कुणीही लॅपटॉप जोडावा, फाइल उघडावी, मी लिहिलेलं तिथं जसंच्या तसं आहे.

अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता. "ह्याचा मीटर किती आकडी?"

"आधीच्यापेक्षा लहान. साडेबारा दिवसांच्या आतच फिरतो."

खरंच तसं आहे. भाषा बदलल्यानं चूक टळत नाही, इथं तर ती लवकर भेटायला येते. पण मायक्रोपायथनमध्ये वजाबाकीसाठी एक वेगळी क्रियाच दिलेली आहे, मीटर फिरला तरी बिल बरोबर काढणारी. मी ती वापरली, आणि तरीही डबा टेबलावर तेरा दिवस चालू ठेवला. तेराव्या दिवशी अण्णांना फोन केला. "मीटर फिरला. बिल बरोबर."

हा सगळा काळ मी ज्या गल्लीत राहते तिथं दिवसभरात चार भाषा बोलत होते. दूधवाल्याशी आणि सासूबाईंशी कन्नड, वॉचमनशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी, फोनवर मराठी. यातली उत्तम कुठली, असं मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही विचार केला नाही. समोर कोण आहे त्यावर ठरतं आणि जीभ आपोआप वळते. चिपच्या बाबतीत मात्र मी समोर चिपच आहे असं धरून चालले होते. तिला काय झेपेल, तिला किती जागा, तिला किती वेळ. चिपला कुठलीही भाषा चालते, शेवटी तिला आकडेच मिळतात. समोर खरं तर अण्णा होते, रात्री पावणेएकला, दगडावर उभे.

आता पेटीच्या दाराला आतून प्रोग्रॅमची एक प्रत लॅमिनेट करून लावली आहे. एक पान. उजव्या समासात अण्णांनी मार्करनं स्वतःच्या खुणा केल्या आहेत. वजाबाकीच्या ओळीपुढं लिहिलं आहे: मीटर.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरचा बारावीतला मुलगा सुट्टीला आला. त्याच्याकडं लॅपटॉप. अण्णांनी त्याला विहिरीवर नेलं, फाइल उघडायला लावली आणि 'किती तास' च्या पुढचा आकडा स्वतः बदलला. चारच्या जागी तीन. यंत्र चालेना. मुलानं मला फोनवर इंग्रजी संदेश वाचून दाखवला: तीन या नावाचं काही मला ठाऊक नाही.

अण्णांनी मराठी कीबोर्डवरून मराठी तीन लिहिला होता. मायक्रोपायथन देवनागरीतलं काहीही दिसलं की ते नाव समजते. 'किती तास' हे नाव, तसं तीन हेही नाव, आणि ते नाव कुणाचं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तीन ठाव न्हाई?" अण्णा मागून म्हणाले. "मग वजाबाकी कशी करतंय?"

मी त्या मुलाला इंग्रजी तीन लिहायला सांगितलं आणि काम भागलं. पण रात्री मला ते सोडवेना. मराठी तीन जर नाव असेल, तर नावाला अर्थ देता येतो. संगणकावरचं मोठं पायथन हे खपवून घेत नाही, ते आकड्याला नाव व्हायची परवानगी देत नाही. हे धाकटं मात्र देतं. मी फाइलच्या अगदी वर लिहायला सुरुवात केली. डाव्या बाजूला मराठी एक, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडं इंग्रजी एक. खाली दोन. खाली तीन. दहा हा तिच्या लेखी पुन्हा वेगळाच शब्द, तोही वेगळा सांगावा लागतो. दिवसाचे तास चोवीस, म्हणून चोवीसपर्यंत लिहिलं. चोवीस ओळींची उजळणी. पाटीवर ही मला अण्णांनीच घालून दिली होती, पहिलीत जायच्या आधी, वीज मंडळाच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर गिरवायला लावून.

गणेशोत्सवात गेले तेव्हा नवी फाइल चिपवर टाकली आणि पेटीच्या दारावरची प्रतही बदलली. अण्णांनी वरच्या चोवीस ओळी बोट ठेवून वाचल्या. काही बोलले नाहीत.

यंदा उन्हाळा लवकर लागला आणि पाणी फार खाली गेलं. संक्रांतीनंतर कधीतरी अण्णांनी त्या मुलाला गाठून तासांचा आकडा तीनवरून दोनवर आणला, मराठी दोनवर. डब्यानं तो घेतला. मला त्यांनी फोन केला नाही. हे मला महिन्याभरानं, द्राक्षांच्या भावाबद्दल बोलताना, सहज कळलं.